टॅक्सीच्या टपाचा खण

माझ्याकडे गाड्या बऱ्याच आहेत, पण त्यांतल्या एकीतही माझ्या अंगठ्याखेरीज दुसरं काही मावत नाही.

गाड्या म्हणजे मॉडेल. टीव्हीच्या रिमोटएवढी लांबी, पण खऱ्या गाडीशी तंतोतंत जुळणाऱ्या. करी रोडला आमच्या चाळीचा टॉवर झाला, तेव्हा नव्या घरात एक काचेचं कपाट आलं. माझ्या बायकोच्या, सुनंदाच्या मते ते चांगल्या कपबश्यांसाठी होतं. माझ्या मते ते गॅरेज होतं. कपबश्या आता माळ्यावर आहेत. (संसारात मी जिंकलेली ही एकमेव लढाई असल्यामुळे मी ती कुठेही सांगतो.)

हा नाद असलेले बहुतेक लोक गाडीच्या बाहेरच्या रंगावर जीव टाकतात. माझा जीव गाडीच्या आत. सीटची कव्हरं, त्यांच्यावरची शिवण, दारांचं अस्तर, पायाखालचा गालिचा, सगळं खऱ्यासारखं दिसलं पाहिजे! त्यासाठी कापड कसं हवं, तर मुंगीनं नेसलं तरी तिला सैल होऊ नये, असं.

"पण या गाडीचं दारच उघडत नाही," सुनंदा एकदा म्हणाली. "आतली सीट बघणार कोण?"

"देव बघतो."

"मग त्याला विचारा, माझ्या पर्सचा पट्टा कुठे गेला तेही बघितलं का त्यानं."

पट्टा जीपमध्ये गेला होता. दोन पुढच्या सीट आणि एक मागची, अस्सल चामड्याच्या. मुलीच्या, मधुराच्या केसांच्या रिबिनी सीटबेल्ट होऊन गेल्या. मी काही फक्त दुसऱ्यांच्याच वस्तूंवर हात मारतो असं नाही. प्रत्येक गाडीला थोडं थोडं करत माझ्या स्वतःच्या कमरेचा पट्टाही मी मोकळ्या टोकाकडून कापत आणला होता. शेवटी सोसायटीच्या झेंडावंदनाला तो बकलापर्यंत पोचेना, आणि मी एका हातानं सलामी देत आणि दुसऱ्या हातानं पँट धरून राष्ट्रगीत पूर्ण केलं. कलेसाठी माणसानं एवढं सोसलं पाहिजे.

तर गोष्ट तात्यांच्या टॅक्सीची आहे. तात्या म्हणजे माझे सासरे. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी काळीपिवळी घेतली आणि गुडघे बोलायला लागेपर्यंत चालवली. ती टॅक्सी पुढे भंगारात गेली, तरी तात्या तिच्याबद्दल अजून वर्तमानकाळात बोलतात. "माझी गाडी चढावार दम खाणा नाय," म्हणतात. आणि त्या गाडीत सगळ्यात भारी काय होतं, तर टप. म्हणजे टपाला आतून लावलेलं कापड. गर्द मरून रंग, त्यावर सोनेरी बुट्ट्यांच्या रांगाच रांगा. तात्या सांगतात की गिऱ्हाइकं मागच्या सीटवर मान टाकून वरच बघत बसायची आणि उतरायची जागा मागे जायची. (भाडं वाढायचं, हे ते सांगत नाहीत.)

तात्यांच्या वाढदिवसाला मी त्यांना त्यांचीच टॅक्सी करून द्यायचं ठरवलं. काळी बॉडी झाली, पिवळा टप झाला, सीटवर रेक्झिन चढलं, मीटरसुद्धा झाला. तात्यांना आत बघता यावं म्हणून टप मी डब्याच्या झाकणासारखा उचलता येईल असा केला. राहिलं फक्त त्या टपाचं अस्तर, आणि तिथे माझं घोडं पेंड खाऊ लागलं.

कारण साधं फूल घ्या. साडीवर ते नाजूक दिसतं. तेच माझ्या टॅक्सीत लावलं की एकच पाकळी ड्रायव्हरच्या डोक्यापासून डिकीपर्यंत पोचते. मी दादरची दुकानं पालथी घातली. एका दुकानदारानं माझ्यासमोर ठाण मांडून थप्पी उलगडली आणि किती मीटर, म्हणून विचारलं. मी तळहात पुढे केला. त्यानं आधी माझ्या तळहाताकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि मग शांतपणे सगळी थप्पी परत घड्या घालून ठेवली.

आणि मग एका दुपारी, सुनंदा बाहेर गेलेली असताना, मी तिच्या कपाटातला खणांचा कप्पा उघडला.

इथे मला ओटीच्या खणांबद्दल माझा एक सिद्धांत सांगणं भाग आहे. ओटीतला खण हा शिवण्यासाठी नसतो, तो पुढे देण्यासाठी असतो. परळच्या मावशी सुनंदाला देतात, सुनंदा तो लालबागच्या वहिनींना देते, वहिनी आणखी कुणाला. एक पोपटी खण आमच्या घरातून दसऱ्याला गेला आणि कोपऱ्यावरच्या हळदीच्या डागासकट संक्रांतीला परत आला, हे मी स्वतः पाहिलं आहे! त्या प्रवासात त्याची घडी एकाही बाईनं मोडली नव्हती. म्हणजे ज्या खणाच्या बाहेरच्या बाजूला काही झालेलं नाही, त्याला जगाच्या दृष्टीनं काहीच झालेलं नाही.

कप्प्याच्या तळाशी, जुन्या पातळाच्या तुकड्यात गुंडाळलेला एक खण निघाला. (जी वस्तू बायकोनं गुंडाळून तळाशी ठेवलेली असते, ती तिला नको असलेली नसते, हे मला आज कळतं.) अस्सल इरकली खण. मरून रंग आणि त्यावर तांदळाच्या कणीएवढ्या सोनेरी बुट्ट्या. जणू कुणीतरी माझ्या टॅक्सीच्या मापानंच विणला होता. मी घडी उलगडली, टपाचा कागदी साचा आतल्या भागावर ठेवला आणि नव्या पात्यानं कापला. पुढून किंचित निमुळता, मागून रुंद, चारही कोपरे गोल. एक धागा सुटला नाही. घडी परत जशीच्या तशी घातली. वरून बघणाऱ्याला खण अखंड सौभाग्यवती.

वाढदिवसाला तात्यांनी टॅक्सी हातात घेतली. टप उचलला. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी ते अस्तर अगदी डोळ्यांशी नेलं, बोटानं चाचपलं, मग माझ्याकडे बघितलं आणि बराच वेळ बघतच राहिले.

"टप तोच आसा," ते म्हणाले.

तात्यांनी माझी केलेली ही पहिली स्तुती. लग्नात त्यांनी मला बघून फक्त "बरो आसा" म्हटलं होतं आणि तेही माझ्या कोटाला. मला भरून आलं. सुनंदाही वाकून बघत होती. तिचे डोळे ओले झाले होते.

"अहो, हे तर अगदी आईच्या खणासारखं आहे! कुठून आणलंत?"

"दादरला मिळालं," मी म्हणालो. "कुठल्या आईच्या खणासारखं?"

तेव्हा तिनं सांगितलं. सासूबाईंनी माहेराहून आलेला एक खण शेवटपर्यंत जपून ठेवला होता आणि जाण्याआधी सुनंदाच्या हाती दिला होता. मधुराच्या सासूची पहिली ओटी याच खणानं भरायची, म्हणजे त्या समारंभात मी असल्यासारखं होईल, असं त्या म्हणाल्या होत्या. आणखी एक गोष्ट त्यांनी बजावली होती. हा खण पुरुषमाणसाच्या हाताला लागू देऊ नकोस.

"का?" मी विचारलं.

"काय माहीत. काहीतरी सोवळं असेल."

तात्यांना तेव्हाच मोठा ठसका लागला आणि ते पाणी प्यायला आत गेले.

त्याच क्षणी मी खरं सांगून टाकायला हवं होतं. पण समोर बायको आईच्या आठवणीनं डोळे पुसत होती, आणि मला एवढंच सुचलं की तसाच दुसरा खण आणून तिथे ठेवावा. मधुराचं केतनशी जमलं होतं, म्हणजे वेळ फार नव्हता. मी पुन्हा दादरला गेलो. तो दुकानदार मला लांबून बघताच जेवायला निघून गेला. मरून मिळाले, सोनेरी मिळाले, पण त्या बारीक बुट्टीचा खण कुठे मिळेना. आता असं कुणी विणत नाही, असं मला चार ठिकाणी ऐकवण्यात आलं.

केतनची आई, नलिनीताई, प्रभादेवीहून पहिल्यांदा आमच्याकडे आल्या. बाई उंच, नीटनेटक्या, बोलणं मोजकं. चहा झाला. सुनंदा आतून ताट घेऊन आली. हिरवी साडी, तांदूळ, हळकुंड, सुपारी, नारळ, आणि तो खण.

"साडी हिरवी आहे, तर खणही हिरवा दे ना," मी म्हणालो. "जुळेल."

आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण मी ओटीत तोंड घातल्याची ही पहिलीच वेळ. सुनंदानं माझ्याकडे अशी नजर टाकली की मी चकलीची बशी उचलून उगाच सगळ्यांपुढे फिरवू लागलो. ओटी भरली गेली. नारळ बरोबर भोकाच्या जागी बसला. "माझ्या आईचा आहे," सुनंदा म्हणाली, आणि मी चकलीची बशी घेऊन आणखी एक फेरी मारली.

तरीही मी स्वतःला समजावत होतो की सिद्धांत आपल्या बाजूनं आहे. खण कुणी उघडत नाही. आता हा गावभर फिरेल आणि एक दिवस परत आपल्याच घरी येईल. इतक्यात मधुरानं नलिनीताईंना सहज विचारलं की तुम्ही शाळेत कुठला विषय शिकवायचात?

"शिवणकाम," नलिनीताई म्हणाल्या. "सवयच लागलीय गं. कापड दिसलं की उलगडून बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही."

अख्ख्या मुंबईत खण उघडून बघणारी एकच बाई आहे आणि ती माझी विहीण होणार होती!

त्यानंतर मी रोज फोनची वाट बघायचो. म्हणजे तो येऊ नये म्हणून वाट बघायचो. फोन आला नाही. थोड्याच दिवसांत त्यांनी आम्हाला उलट जेवायला बोलावलं. मी ताप असल्याचं सांगून बघितलं, पण सुनंदानं हात लावून बघितला. आम्ही प्रभादेवीला गेलो. नलिनीताई दारातच सुनंदाचे हात धरून म्हणाल्या, "खण फार विचार करून दिलात हो. माझ्या तर लक्षातच आलं नाही आधी. मग कौतुक वाटलं."

सुनंदा खुलली. मला काही कळेना. भोक बघून कौतुक कशाचं वाटतं? की ही टोमणा मारण्याची प्रभादेवीची पद्धत? मी त्यांच्या चेहऱ्यावर शोधत होतो, पण शाळामास्तरणीचा चेहरा, त्यात काही सापडेल तर शपथ. निघताना त्यांनीही सुनंदाची ओटी भरली. अंजिरी साडी आणि वर एक हिरवा खण.

"हा पण उघडून बघा हं," त्या म्हणाल्या.

"हो हो, बघते ना," सुनंदा म्हणाली, आणि घरी येऊन तिनं तो इतर खणांच्या थप्पीवर नेऊन ठेवला. मोडली का घडी? अजिबात नाही. सिद्धांत तो सिद्धांत.

पण जेवताना नलिनीताईंच्या बोलण्यातून मला एक खबर लागली होती. साखरपुड्याला त्या त्याच खणाचा ब्लाउज घालणार होत्या आणि खण शिवायला गिरगावात, खोताच्या वाडीत त्यांच्या जुन्या शिंपिणीकडे दिला होता. माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. शिंपिणीला गाठायचं, भोकावर आतून कापड लावायला सांगायचं. जमल्यास टॅक्सीचं अस्तर सोडवून मूळ तुकडाच परत द्यायचा. तात्यांना काय, पुन्हा दुसरं काहीतरी लावून देता येईल.

खोताच्या वाडीत सिसिलिया आंटीचं घर सापडायला वेळ लागला नाही. व्हरांड्यातच मशीन होतं. आंटी पायानं मशीन चालवत आणि तोंडानं सुनेला सूचना देत बसल्या होत्या. मी नमस्कार केला आणि विषयाला हात घातला.

"प्रभादेवीच्या नलिनीताईंचा एक ब्लाउज आहे ना तुमच्याकडे? मरून खणाचा?"

मशीन थांबलं.

"तुमी कोन?"

आता मी कोण? व्याही म्हणावं तर साखरपुडा व्हायचाय. "मी त्यांच्या ओळखीचा," मी म्हणालो. "मला तो ब्लाउज जरा बघायचा होता. पाठीकडून."

आजही हे वाक्य आठवलं की मी एकटा असलो तरी लाजतो. आंटींनी चष्मा काढला. आत भांडी घासणारी सून नळ बंद करून बाहेर आली. लेडीज कस्टमरचे कपडे जेन्ट्सना दाखवायची आपल्याकडे पद्धत नाही, असं आंटींनी मला थंडपणे सांगितलं. मी घाईघाईनं म्हणालो की तसं काही नाही, मला फक्त त्यातल्या भोकाची काळजी आहे. यानं परिस्थिती सुधारली नाही. तेवढ्यात माझ्या पाठीमागून ओळखीचा आवाज आला.

"व्याही? तुम्ही इथे?"

नलिनीताई ब्लाउजच्या ट्रायलला आल्या होत्या.

मी खोताच्या वाडीतली जुनी लाकडी घरं बघायला आलो होतो, असं सांगितलं. मॉडेलसाठी. "ते तुमच्या ब्लाउजची पाठ बगाला आलेत," आंटींनी मराठीतला एकही शब्द वाया न घालवता खुलासा केला. नलिनीताईंनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. मग चक्क हसल्या.

"साखरपुड्यापर्यंत धीर धरा," त्या म्हणाल्या. "सगळ्यांबरोबर बघा."

मी घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती. नलिनीताईंनी गंमत म्हणून केतनला सांगितलं, केतननं मधुराला. सोफ्यावर माय-लेकी शेजारी शेजारी बसल्या होत्या. समोर माझ्यासाठी स्टूल ठेवलं होतं.

"बाबा," मधुरा म्हणाली, "तू माझ्या होणाऱ्या सासूच्या ब्लाउजची चौकशी करायला गिरगावात गेलास?"

या प्रश्नाला 'नाही' म्हणावं तर खोटं आणि 'हो' म्हणावं तर त्याहून वाईट. मी म्हणालो की मला कापडाची आवड आहे. सुनंदा उठून पानं वाढायला गेली. ती बोलत नाही तेव्हा घरातले पंखेसुद्धा हळू फिरतात. जेवताना तिनं एवढंच सांगितलं की साखरपुड्याला हॉलमध्ये तुम्ही शेवटच्या रांगेत बसायचं आणि नलिनीताईंच्या मागे मागे फिरायचं नाही.

साखरपुडा लालबागच्या एका हॉलमध्ये होता. मी शेवटच्या रांगेत बसलो. नलिनीताई आल्या. हिरवी साडी, मरून खणाचा ब्लाउज. समोरून सगळं ठीक. मग त्या वळल्या.

पाठीवर बरोबर मध्यभागी खिडकी होती. पुढून किंचित निमुळती, मागून रुंद, कोपरे गोल. कडेनं सोनेरी बारीक गोट लावलेला, वर नाडी, नाडीला दोन लटकन. काही क्षण मी मान खाली घालून पृथ्वी दुभंगण्याची वाट बघितली. ती दुभंगली नाही. उलट सगळ्या बायका नलिनीताईंच्या पाठीमागे जमल्या! काय पॅटर्न आहे, कुठे शिवला, असा आकार कधी बघितला नव्हता. सुनंदा सगळ्यांना अभिमानानं सांगत होती की खण माझ्या आईचा. तिचा चेहरा इतका फुलला होता की माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. मी उठून एक पेढा खाल्ला. सुटलो, असं मला मनापासून वाटलं.

पण पहिल्या रांगेत, नलिनीताईंच्या बरोबर मागे, तात्या बसले होते.

तात्या त्या पाठीकडे टक लावून बघत होते. ऐंशी ओलांडलेल्या माणसाला कुणी काही म्हणत नाही. मग त्यांनी पिशवीत हात घातला. वाढदिवसापासून ती टॅक्सी ते कुठेही जाताना बरोबर नेतात, हे मी विसरलो होतो. त्यांनी टॅक्सी मांडीवर ठेवली, टप उचलला, उलटा केला, हात लांब केला आणि तो टप नलिनीताईंच्या पाठीवरच्या खिडकीसमोर धरला. तेच कापड, तोच आकार. खिडकी कुणीतरी बंद करावी, तसा तो दिसला.

"बरोबर बसता," तात्या समाधानानं म्हणाले.

सुनंदानं टपाकडे बघितलं. पाठीकडे बघितलं. मग तिची नजर रांगांमागून रांगा ओलांडत शेवटच्या रांगेपर्यंत आली. माझ्या हातात दुसरा पेढा होता.

"दादरला मिळालं?" ती म्हणाली.

मी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. पात्यापासून आंटीपर्यंत. सुनंदाचे डोळे भरले. रागानं असते तर मला चाललं असतं. "आईची एवढी एकच वस्तू होती हो," ती म्हणाली, आणि मला खरोखर स्वतःची लाज वाटली. गुरुजीसुद्धा माझ्याकडे बघत नव्हते.

तेवढ्यात तात्या काठी टेकत उठले.

"त्याका कित्याक बोलतंस?" ते लेकीला म्हणाले. "खण दोन होते. मिया पन तुज्या आवशीच्या पेटयेतसून एक काढलेलो. माज्या गाडयेच्या टपाक लावलंय. आनी तिका सांगलंय, बाजारात गावलो."

म्हणजे टपाचं कापड खणासारखं नव्हतं. ते त्याच जोडीतलं होतं! 'टप तोच आसा' ही माझी स्तुती नव्हती. एका चोरानं दुसऱ्याला दिलेली ती ओळख होती. आणि पुरुषमाणसाच्या हाताला लागू देऊ नकोस, हे सासूबाईंचं बजावणं सोवळ्याचं नव्हतं. वर्षानुवर्षं दर रविवारी नवऱ्याच्या टॅक्सीत मागे बसून त्यांनी आपला चोरीला गेलेला खण वर बघितला होता, आणि एका शब्दानं बोलल्या नव्हत्या.

सुनंदाच्या हे लक्षात यायला थोडा वेळ लागला. मग ती हसायला लागली. डोळ्यांत पाणी तसंच, आणि हसतेय. "आईला माहीत होतं," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. "तिला सगळं माहीत होतं."

"पण मग," नलिनीताई म्हणाल्या, "ही तुमच्याकडची पद्धत नाही?"

"कसली?"

"खणात खिडकी कापून द्यायची. मला वाटलं, तुमच्या कोकणात तसं असेल. इतकं सफाईनं कापलेलं, चुकून थोडंच असणार? विचारणं बरं दिसलं नसतं. म्हणून मीही..." त्या सुनंदाकडे वळल्या. "सुनंदाताई, माझा हिरवा खण तुम्ही उघडलाच नाहीत का?"

घरी येऊन सुनंदानं थप्पीवरचा हिरवा खण काढला आणि आमच्या घराण्याच्या इतिहासात पहिल्यांदा ओटीच्या खणाची घडी राजरोस मोडली. मधोमध खिडकी होती. पुढून निमुळती, मागून रुंद. कोपरे माझ्यापेक्षा गोल. कडेला हातशिलाईची बारीक तुरपाई, आणि कापलेला तुकडा आत नीट घडी करून ठेवलेला. शेवटी शिवणकामाच्या बाई त्या!

लग्नात दोन्ही विहिणी खिडकीचे ब्लाउज घालून मिरवल्या. तेव्हापासून आमच्या टॉवरमधल्या, परळच्या आणि प्रभादेवीच्या बायका खण घेऊन सुनंदाकडे येतात. ती ते आत आणून माझ्यापुढे टाकते आणि दार ओढून घेते. आयुष्यभर मी जी कला बंद दारांच्या गाड्यांत देवाला दाखवत होतो, ती आता हळदीकुंकवांना पाठोपाठ हिंडते. मला वाटलं, चला, उशिरा का होईना, नाव झालं. परवा आतून कान देऊन ऐकलं. बाहेर कुणीतरी विचारत होतं की हे इतकं सुबक कापून देतं तरी कोण?

"दादरला मिळतं," सुनंदा म्हणाली.